मेरू-३ची बोली

फुटक्या पडद्याचा, एक बिजागरी निखळलेला, कळफलकावरचा 'क' उडालेला एक संगणक चार लाख अकरा हजारांना गेला, तेव्हा रेवणसिद्ध हत्तुरे यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि आकडा पुन्हा वाचला. आकडा तोच होता.

सोलापुरात साखर पेठेत त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. पण २०५३ साली दुरुस्तीला येतंय कोण? नवी यंत्रं बिघडली की फेकून द्यायची, असाच रिवाज पडलेला. म्हणून रेवणअण्णा भंगारातून जुने संगणक उचलून आणायचे, झाडूनपुसून चालू करायचे आणि ऑनलाइन लिलावात हौशी लोकांना विकायचे. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या पिवळट पडलेल्या डब्यांना चांगली बोली लागे. लोक ते काचेच्या कपाटात ठेवत. मेरू-३ मात्र त्यातला नव्हे. वीस-बावीस वर्षांपूर्वी सरकारी कचेऱ्यांत हजारोंनी वाटलेलं ते करडं, जाडजूड यंत्र. त्याच्यावर कधी कुणी प्रेम केलं नव्हतं, तर आता आठवण कोण काढणार?

दुसरी गंमत म्हणजे, घेणाऱ्याने एकही नेहमीचा प्रश्न विचारला नव्हता. ओरखडे किती, खोकं आहे का, पडदा लागतो का, काही नाही. एवढंच विचारलं होतं : 'हे यंत्र एकूण किती दिवस वापरात होतं?' अण्णांनी खरं ते कळवलं. एका तालुक्याच्या कचेरीत दोनेक महिने चालवलं, सोबतचा प्रिंटर काही आलाच नाही, मग ते तसंच कोठीत पडून राहिलं. त्यानंतर पाच जणांत अशी चुरस लागली की दुपारपर्यंत दोन हजारांची बोली चार लाखांवर गेली.

"काळ्याचं पांढरं करत असणार कुणीतरी," जेवताना ते महानंदाला म्हणाले.

महानंदा त्यांच्या समोर बसली होती. त्यांच्या तोंडाकडे बघत तिने भाकरीचा तुकडा मोडला. "पोलीस आले तर मला पुढं करू नका. मी सांगेन, ह्या माणसाला मी ओळखत नाही."

अण्णा हसले. त्यांनी जुने लिलाव उघडून पाहिले, तर गेल्या सहा महिन्यांत अकरा मेरू-३ असेच लाखांनी गेले होते. बोली लावणारे फिरून फिरून तेच, आणि प्रत्येकाचा प्रश्नही तोच. किती दिवस वापरलं? त्यांनी यंत्र नीट गुंडाळून उदगीरच्या शिवदास सोनटक्के या पत्त्यावर पाठवून दिलं आणि विषय सोडून दिला.

तो विषय त्यांना सोडणार नव्हता.

पुढच्या रविवारी अण्णा बाहेरच्या खोलीत काहीतरी झाळत बसले होते. आत कुकरची शिट्टी झाली. मग आणखी एक. सातवी झाली तेव्हा त्यांनी हाक मारली, "महानंदा, कुकर!" उत्तर नाही. अकरावीनंतर करपल्याचा वास आला तसे ते उठून आत गेले. महानंदा गॅसकडे पाठ करून ज्वारी निवडत बसली होती, अगदी निवांत. त्यांनी गॅस बंद केला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती दचकली.

"किती शिट्ट्या झाल्या?" त्यांनी विचारलं.

"तीन," महानंदा ठामपणे म्हणाली.

अण्णा तिच्यासमोर जमिनीवरच बसले. "कधीपासून?"

ज्वारीतला खडा उचलून तिने बाजूला ठेवला. "दिवाळीपासून कमी यायलाय. आता तर... कुणीतरी गोधडीतनं बोलल्यासारखं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही इतकं बोलता," ती म्हणाली, "मला वाटलं, बोलणं थांबवाल."

लग्नाच्या आधीपासून महानंदा यंत्रमागांच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. चोवीस माग एका छपराखाली, मागांवर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यांचा असा खडखडाट की शेजारणीला काही सांगायचं तर ओरडून उपयोग नाही. तिथल्या बायका आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलत, एकमेकींचे ओठ वाचत, आणि मालकाची नक्कल हातांनी करत. अण्णांच्या प्रेमाची पहिली चिठ्ठीही तिने अशीच वाचली होती. कारखान्याच्या खिडकीबाहेर उभं राहून ते काहीतरी पुटपुटले, आणि आतून ती लाजली. चाळिशी ओलांडली तोवर कान गेले होते. मग इथल्या मोठ्या रुग्णालयात एका कंपनीचा प्रयोग आला आणि तिच्या डोक्यात 'श्रवणिका' बसली.

कानाच्या अगदी आत गोगलगायीच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यातले सूक्ष्म केस आवाजाने हलतात, आणि ती हालचाल मज्जातंतूतून मेंदूकडे जाते. मागांच्या गोंगाटाने हे केस झडतात, आणि एकदा झडले की पुन्हा उगवत नाहीत. श्रवणिकेने त्या शंखात एक तार सरकवली होती. तारेवर सोळा ठिपके, पेटीच्या पट्ट्यांसारखे. जाड आवाज आला की एका टोकाचा ठिपका मज्जातंतूला टोचणार, बारीक आला की दुसऱ्या टोकाचा. असली उपकरणं आधीही होती, पण ती कानावर बाहेरून लावावी लागत. श्रवणिका सगळीच्या सगळी कातडीखाली होती आणि अंगाच्या उष्णतेवर चालायची. बसवल्यानंतर पहिल्यांदा महानंदाने अण्णांचा आवाज ऐकला आणि म्हणाली, "मला वाटायचं, जरा जाड असेल." त्या दिवसापासून अण्णांनी बोलणं थांबवलं नव्हतं.

सोमवारी दोघं कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्याच सकाळी उदगीरहून एक खोकं परत आलं होतं. 'यंत्र चालू होत नाही. तुम्ही विकलं, तुम्हीच बघा.' अण्णांनी ते न उघडताच फळीवर ठेवलं होतं.

बाईंनी तपासलं आणि अण्णांना सांगितलं, "आपल्याकडे नळाच्या पाइपात क्षार साचतात ना, तसं त्या ठिपक्यांभोवती व्रण साचत जातो. मग वीज पोचत नाही. दर वर्षा-दोन वर्षांनी जुळवणी करून वीज वाढवायची, मेलेल्या ठिपक्याचं काम जिवंताकडे द्यायचं. यांची शेवटची जुळवणी कधी झाली?"

"कंपनी बुडाली त्याच्या आधी. सहा वर्षं झाली."

"तार काढून नवी बसवावी तर ती व्रणात रुतलेली. ओढली तर मज्जातंतूच जायचा." बाईंनी तपासणीचा दिवा बाजूला केला. "जुळवणीचा प्रोग्रॅम अजून मिळतो. पण डोक्यातल्या यंत्राशी बाहेरून कुणीही बोलू नये म्हणून कंपनीने कुलूप घातलेलं. उद्या रस्त्यात उभं राहून एखाद्याने तुमच्या कानात भलतंच काही सोडलं तर? म्हणून प्रत्येक जुळवणीवर एका ठरावीक चिपचा शिक्का लागतो. आणि त्या चिपमध्ये शिक्के मोजून चौसष्ट. बसच्या तिकिटांचं पुस्तक असतं ना जुनं, तसं. एक शिक्का मारला की आतली एक बारीक तार जळते. पुन्हा भरता येत नाही."

"ती चिप कुठं मिळेल?"

"मिळत नाही. त्या काळी सरकारी कागदांवर सही करायला एका संगणकात घालत. मेरू नावाचा—"

"मेरू-३," अण्णा म्हणाले. 

दुकानात येऊन त्यांनी खोकं फोडलं. बिघाड किरकोळ होता. प्रवासात एक जोड सुटला होता, इतकंच. दहा मिनिटांत मेरू-३ घरघरत चालू झाला. चिप तपासली. फुटक्या पडद्याच्या चांगल्या कोपऱ्यात अक्षरं उमटली : शिल्लक ३.

तीन. म्हणजे महानंदाची तीन-चार वर्षं.

त्यांनी बराच वेळ त्या अक्षरांकडे पाहिलं. मग फोन उचलला. समोर एक पिकल्या मिशांचा, उभट चेहऱ्याचा माणूस दिसला.

"सोनटक्के, तुमचं यंत्र बघितलं," अण्णा म्हणाले. "जळाली हो चिप. आतनं काळी पडलीय. काही उपयोग नाही. पैसे परत पाठवतो तुमचे, सगळे."

 सोनटक्क्यांनी मिशीवरून हात फिरवला. "पैशाचं राहू द्या," ते म्हणाले. "दुसरा असेल का कुठं? जरा बघता का?"

त्यांच्या मागून एका तरुण बाईचा आवाज आला. गरजेपेक्षा मोठा, कडेला वाकडातिकडा झालेला. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नसला की होतो तसा. "अप्पा, काय म्हणाले? झालं का नीट?"

अण्णांनी फोन बंद केला. मान वर केली तर दारात महानंदा उभी. हातात जेवणाचा डबा. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

"काय जळालं?" तिने विचारलं.

"काही नाही. एक जुनं यंत्र."

तिने डबा ठेवला. टेबलापाशी आली, पडद्याच्या कोपऱ्यातली अक्षरं वाचली, आणि चालू यंत्रावर हात ठेवला. त्याची घरघर तिच्या बोटांना कळत असावी. "हे तर जिवंत आहे."

अण्णा खाली बघत राहिले.

"वर बघा. खाली बघून बोललात तर मला ऐकू येत नाही, माहितीय तुम्हाला." त्यांनी वर पाहिलं. "कोण होता तो?"

मग त्यांना सगळं सांगावं लागलं. चिप, चौसष्ट शिक्के, उदगीर, मागून आलेला तो आवाज. 

"ती मुलगी केवढी आहे?"

"मला काय माहीत?"

"विचारलं नाहीत." ती शांतपणे म्हणाली. "माझ्यासाठी खोटं बोललात. माझ्यासाठी म्हणून तरी नीट बोलायचं होतं. तुमच्या ओठांना सवय नाही त्याची, एका बाजूला जातात." तिने यंत्राची वायर काढली आणि गुंडाळायला लागली. "उद्या उदगीरला जायचं. आणि तिथं काही मागायचं नाही. त्यांचं आहे, त्यांना द्यायचं."

उदगीरला सोनटक्क्यांचं घर बाजारामागे होतं. अण्णांनी यंत्र टेबलावर ठेवलं आणि बसायच्या आतच सांगून टाकलं, "मी खोटं बोललो. चालू आहे हे. तीन शिक्के आहेत. माझ्या बायकोला श्रवणिका आहे, म्हणून..."

सोनटक्क्यांचा चेहरा तांबडा झाला. "अहो, कालपासून माझी पोरगी जेवली नाही! तुम्हाला माणूस म्हणायचं का काय?"

"म्हणू नका," अण्णा म्हणाले.

"ठेवा ते आणि चालते व्हा."

आतल्या दारात एक सव्वीस-सत्तावीसची मुलगी उभी होती, कडेवर सात-आठ महिन्यांचं बाळ. ही अन्वी. जन्मतःच ऐकू येत नव्हतं, चौथ्या वर्षी श्रवणिका बसली. शाळेत शिकवायची, गेल्या जूनपासून वर्गातल्या पोरांचे आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखे यायला लागले तेव्हा घरी बसली. बाप ओरडत होता हे तिला कळत होतं, पण काय ओरडत होता ते नाही. ती गोंधळून एकदा याच्या, एकदा त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. मग तिची नजर महानंदावर गेली. महानंदा सोनटक्क्यांच्या ओठांवर नजर ठेवून होती, आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत मान हलवत होती.

"काकू," अन्वी तिच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाली, "तुम्हाला कळतंय ते काय बोलायलेत?"

महानंदा वळली. सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाली, "सगळं. शिव्यासुद्धा."

अन्वीला ते कळलं नाही. तिने मग तीनदा विचारलं, तेव्हा तिला ते कळलं, आणि कळल्यावर ती हसली. लहानपणापासून यंत्राने ऐकू येत होतं, ओठ वाचायची वेळच आली नव्हती. आता आवाज चालला होता आणि हाताशी दुसरं काहीच नव्हतं. बाळ शेजारच्या खोलीत रडलं तर कळत नाही म्हणून ती त्याला दिवसभर कडेवरून खाली ठेवत नव्हती. मग महानंदाने स्वतःच्या कानामागे बोट लावून दाखवलं आणि तीन शिक्क्यांचं कागदावर लिहून दिलं.

"अप्पा, एक शिक्का काकूंना द्यायचा," ती म्हणाली.

"वेडी झालीस? तीनच आहेत!"

"दोन मला. एक त्यांना. आणि त्या मला हे शिकवतील." तिने स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. "तीन वर्षांनी तीन शिक्के संपतील अप्पा. हे संपत नाही ना."

महानंदा नको म्हणाली. दोनदा म्हणाली. मग अन्वीने बाळ तिच्या मांडीवर दिलं, आणि तो वाद तिथेच मिटला. सोनटक्के तणतणत बाहेर गेले आणि थोड्या वेळाने सगळ्यांसाठी चहा घेऊन आले.

जुळवणी अन्वीनेच केली, आधी स्वतःची, मग महानंदाची. कंपनी गेल्यापासून हे लोक सगळं स्वतःच शिकले होते. एक चपटी चकती महानंदाच्या कानामागे चिकटवली, तिची वायर मेरूला जोडली. "एकेक ठिपका वाजवते. ऐकू आलं की बोट वर करा."

सोळा वेळा अन्वीने कळ दाबली. पाच वेळा बोट वर झालं.

"पाच आहेत, काकू." तिने कागदावर लिहूनही दाखवलं. "सगळे आवाज पाचांत कोंबले तर नुसता गलका होईल. म्हणून काय हवं ते निवडायचं. सगळे माणसांचं बोलणं निवडतात. तसं केलं तर काकांचा आवाज बराचसा परत येईल. बाकीचं फारसं येणार नाही."

अण्णा खुर्चीत सावरून बसले. घसा खाकरला. परत येणाऱ्या आवाजाने पहिलं वाक्य कोणतं बोलावं, असा विचारही त्यांच्या मनात येऊन गेला.

 "बोलणं नको," महानंदा म्हणाली.

"काय?" अण्णा म्हणाले.

"ह्यांचं बोलणं मला दिसतं," ती अन्वीला सांगत होती. "पाठमोरे असले तरी खांद्यांवरनं कळतं, काय म्हणायलेत. दिसत नाही ते दे मला. कुकर. दारावरची थाप. मागनं येणारी गाडी. पाणी. पाखरं. दुसऱ्या खोलीत बाळ रडलं तर ते. ज्याला तोंड नाही, असं सगळं दे."

अन्वीने अण्णांकडे पाहिलं. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. तिने शिक्का मारला.

परतीच्या बसमध्ये लातूर गेलं, औसा गेलं, तरी अण्णांनी तोंड उघडलं नाही. तुळजापूरच्या थांब्यावर महानंदाने त्यांच्या दंडाला कोपराने ढोसलं. "रुसलात?"

त्यांनी मान हलवली. हो.

"मी तुमचा आवाज सोडला, तुम्हाला नाही सोडलं." ती आसनावर पूर्ण वळून त्यांच्याकडे तोंड करून बसली. "बोला आता. दिवाळीपासनं निम्मं हुकलंय माझं. पहिल्यापासनं सांगा."

अण्णा आधी जरा घुटमळले. मग सुरू झाले. तुळजापूरपासून सोलापूरपर्यंत ते बोलत होते, आवाज न काढता, नुसते ओठ हलवत. मागच्या बाकावरच्या बाईला वाटलं, म्हाताऱ्याची वाचा गेलीय. आणि समोरची बायको एवढी का हसतेय, हे तिला कळेना.

घरी पोचल्यावर त्यांनी एक काम केलं. लिलावाच्या साइटवर जाहिरात टाकली : 'मेरू-३. विकायचा नाही. तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या डोक्यात श्रवणिका असेल तर बोली लावू नका, फोन करा.' खाली दुकानाचा नंबर.

आठ दिवसांत फोन आले ते हुबळीहून, सुरतेहून, जळगावहून. हे सगळे एकमेकांविरुद्ध बोली लावून भाव चढवत होते, आणि समोरचा कुणीतरी पैसेवाला हौशी आहे असं प्रत्येकाला वाटत होतं. माणसं त्रेसष्ट निघाली, यंत्रं छत्तीस. अण्णांनी प्रत्येक यंत्र तपासून शिक्के मोजले, आणि ते ज्याला आधी लागतील त्याला आधी द्यायचे असं ठरलं. प्रत्येकाची आठ-नऊ वर्षं निघत होती. तेवढ्यात कुणीतरी कुलूपही उघडेल, असं हुबळीचा एक इंजिनिअर रोज म्हणायचा. मेरू-३चा भाव उन्हाळ्याअखेर पंधराशेवर आला. मग त्याला तेवढेही कुणी देईना. अन्वी दर गुरुवारी फोनवर दिसायची आणि महानंदा तिच्याशी आवाज न काढता बोलायची. गणपतीनंतर ती पुन्हा शाळेत जायला लागली.

हे सगळं पुढचं. उदगीरहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आरशासमोर दाढी करत उभे होते. महानंदा मागून आली.

"नळ गळायलाय," ती म्हणाली.

त्यांनी आरशातूनच भुवया उंचावल्या. कुठला?

"मोरीतला. टप्प. मग थांबतोय. मग दोनदा टप्प, टप्प." बोटाने हवेत तिने तो ठेका धरला, डोळे मिटून, एखादी चीज ऐकावी तशी. "केवढा गोड आहे ओ आवाज!" मग डोळे उघडले. "किती दिवसांपासनं गळतोय?"

अण्णांनी वस्तरा पाण्यात बुडवला. 

"किती महिन्यांपासनं?"

अण्णांनी आरशात तीन बोटं दाखवली, मग चौथंही.

"काय? आणि तुम्हाला ऐकू येत होता तो?"

अण्णा वळले. खुलासा त्यांच्या मनात तयार होता. वायसर मिळत नव्हता, प्लंबर फोन उचलत नव्हता, असं बरंच काही. त्यांनी तोंड उघडलं.

"थांबा," महानंदा म्हणाली, आणि खांद्यावरचा टॉवेल त्यांच्यापुढे धरला. "आधी तो फेस पुसा. ओठ दिसेनात, तर खोटं बोलताय का खरं, कळायचं कसं मला?"